पाटीचा पापुद्रा

पाटी कारखान्यात तयार होते, अशी माझी लग्नानंतरही कितीतरी वर्षं समजूत होती. साखर होते तशी. एका बाजूने काहीतरी काळं ओतायचं, दुसऱ्या बाजूने पाट्या बाहेर पडायच्या, आणि शेवटी एखादा सुतार बसून चौकटी ठोकत असेल. ही समजूत मला कुणी करून दिली नव्हती. देवळाली प्रवरेच्या बाजूचं आमचं गाव, चहूकडे ऊस, हंगाम सुरू झाला की हवेलाच मळीचा वास. आमचे हेही हंगामात कारखान्यावर कामाला जायचे. रस कसा उकळतात, त्याची साखर कशी धरते, हे ते जेवताना सांगायचे, आणि मी ऐकता ऐकता मनात पाटीही तशीच करून टाकायची.

पाटीचा विचार यायचा, कारण माझ्याजवळ एक पाटी होती. मी दुसरीत असताना वडिलांनी राहुरीच्या बाजारातून आणलेली. दगडी, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याला पत्र्याची पट्टी मारलेली. चौथी झाली आणि पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती. उसातून एकट्या मुलीने जायचं कसं, म्हणून मी घरी राहिले. रडले वगैरे नाही. आमच्या घरात चौथी म्हणजे पुष्कळ होती. फक्त पाटी मी कुणाला दिली नाही. धाकट्या भावाने मागितली तेव्हा त्याला माझ्या वाटचा गूळ दिला, पाटी नाही दिली. लग्न झालं तेव्हा ती लुगड्याच्या घडीत घालून ट्रंकेतून सासरी आणली.

दुपारी घरात कुणी नसलं की मी ती काढायची. खताच्या गोणीवर छापलेलं, काडेपेटीवरचं, कॅलेंडरवरचं काहीबाही तिच्यावर उतरवायची आणि पुसून परत ठेवायची. मुलगी बोलायला लागली तेव्हा तिला अ आ इ ई मी याच पाटीवर गिरवायला लावलं. ती शाळेत गेली तेव्हा तिच्या वडिलांनी तिला पत्र्याची पाटी आणली, न फुटणारी. माझी परत ट्रंकेत गेली.

घरात आम्ही चौघं. सासरे, हे, मी आणि मुलगी. सासूबाई माझं लग्न होण्याआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मी बोलायला पहिल्यापासून कमी, पण त्या घरात माझं काही अडलं नाही, कारण बाकीचे तिघं माझ्या वाटचंही बोलून टाकायचे. त्यात मामा पुढे. आयुष्यभर त्यांनी दगड फोडला. रस्त्याची खडी, कालव्याच्या कामावरचा खडक, लोकांच्या घरांच्या पायऱ्या, उंबरे. छातीत खोकला बसला तेव्हा ते काम सुटलं. मग ते ओट्यावर बसून गल्लीतल्या बायकांच्या पाट्याला आणि जात्याला टाकी लावून द्यायचे. चटणी वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की छिन्नीने तो परत खरबरीत करायचा, ते हे काम. बायका पाटा घेऊन आल्या की मामा त्यावरून हात फिरवून म्हणायचे, "आगं, निम्मा पाटा चटनीसंगं पोटात घातला तुमी. उगं न्हाई तुमची तोंडं येवढी चालत."

मुलगी सहावीला होती तेव्हाची ही गोष्ट. नव्वद उलटून चार-दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी मी भाकरी करायला बसले की ती चुलीशेजारी पुस्तक घेऊन बसायची. तिला मनात वाचता यायचं नाही. मोठ्याने वाचायची, आणि वाचलेलं दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय तिला ते कळायचं नाही. दारात मामा बसलेले असायचे, त्यांना सांगायची. त्या दिवशी दगडांचा धडा होता.

"आजा, ऐक. आपल्या गावाखाली पूर्वी सगळा तापलेला रस हुता. जमिनीतून वर आला, पसरला, गार झाला. त्याचा हा आपला काळा दगड झाला. अग्निजन्य खडक."

"म्हनूनच उन्हाळ्यात पाय भाजतेत," मामा म्हणाले. "आजून पुरता गार झालेला न्हाई त्यो."

"चेष्टा नको ना. बाई विचारणारेत उद्या."

"मंग बाईला सांग, त्यो काळा दगड म्हातारा झाला की त्याचा मुरूम व्हतो. मुरमाची माती व्हती. तुझा आजा आता मुरूम झालाय. फावड्यानं बी निघंल."

मुलगी हसली आणि पुढे वाचायला लागली. झिजलेल्या खडकाची माती पाण्याबरोबर वाहून जाते, खाली थरावर थर बसतात, त्यांचा दबून खडक होतो, तो गाळाचा खडक. आणि तिसरा.

"रूपांतरित खडक."

मामांनी कान पुढे केला. त्यांना तेव्हा थोडं कमी ऐकू यायला लागलं होतं. "काय म्हनली? धर्मांतरित खडक?"

"रूपांतरित, आजा! रूप बदललेला. आधी तो एक खडक असतो. मग त्याच्यावर लई दाब येतो, लई उष्णता मिळते, आणि तो बदलून दुसराच खडक होतो."

"मंग म्या काय निराळं म्हनलो?" मामा म्हणाले. "दाब बी लई, आग बी लई. येक दिस म्हनला, आता असं न्हाई ऱ्हायचं. बदलला. आमीबी तेच केलं."

मामांनी धम्म घेतला तेव्हा ते ऐन जवान होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याकडे त्यांनी हात केला, जणू तोही या गोष्टीला साक्षीदार आहे. ती हकीकत ते सणावाराला रंगवून सांगायचे, पण ती दगडाच्या धड्यातून निघेल असं मला कधी वाटलं नसतं. मी पदरात तोंड धरून हसत होते.

"आन त्यो परत पहिल्यासारखा व्हतो का?" मामांनी विचारलं. आता ते चेष्टा करत नव्हते.

मुलीने पान उलटलं. तिथे एक गोल काढला होता, बाण दाखवलेले. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. "तो झिजून त्याची माती होऊ शकते. मातीचा परत खडक. नाहीतर परत वितळून रस. पण हाय तसा मागं फिरत नाही, आजा. पुढंच जातो."

"पुढंच जातो," मामा म्हणाले. "बेस हाय."

मग तिने उदाहरणं वाचली. रूपांतरित खडक म्हणजे संगमरवर, आणि पाटीचा दगड. ती थांबली. मीही थांबले. "चिखलाचे थर दबून मऊ खडक तयार होतो," ती सावकाश वाचायला लागली, "त्यावर आणखी दाब आणि उष्णता आली की त्याचा पाटीचा दगड होतो. आई, म्हंजे तुझी ट्रंकेतली..."

"पाटी दगडाची असती?" मी विचारलं.

"मग कशाची? दगडी पाटी म्हणतो ना आपण."

म्हणतो खरं. जन्मभर म्हणत आले होते. पण दगडी म्हणजे दगडासारखी टणक, एवढंच मी धरून चालले होते. तव्यावरची भाकरी त्या दिवशी काळी झाली. माझ्या डोळ्यांसमोर कुठलातरी पाण्याखालचा चिखल होता, शांत बसलेला, आणि त्याच्यावर वर्षानुवर्षं काहीतरी येऊन पडतं आहे. त्या चिखलावर मी क ख ग गिरवले होते.

आता यातली अडचण सांगते. शाळेत पुढच्या आठवड्यात प्रदर्शन होतं. बाईंनी सहावीच्या मुलांना तीन प्रकारचे तीन दगड आणायला सांगितले होते. दगड पुठ्ठ्यावर चिकटवायचे, खाली नाव लिहायचं. ज्यांचे तिन्ही दगड असतील त्यांनी पाहुण्यांपुढे उभं राहून माहिती सांगायची. आमच्या मुलीला ती माहिती सांगायची होती. दगडापेक्षा तिला पाहुण्यांपुढे उभं राहायचं होतं. दावणीच्या शेळीपुढे उभी राहून ती सराव करायची, "आदरणीय पाहुणे आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो," आणि शेळी कडबा खात बघत राहायची. माझ्या पोटी अशी धीट मुलगी कुठून आली याचं मला नवल वाटायचं, आणि फार बरंही वाटायचं.

काळा दगड दारातच होता. गाळाच्या खडकासाठी मामांनी आमच्या मोरीतल्या शहाबादी फरशीचा निखळलेला कोपरा काढून दिला. ती फरशी थराथराची असते, बाईंनी तो चालेल म्हणून सांगितलं. राहिला तिसरा.

"देवळामागं संगमरवराचे तुकडे पडलेत," मुलगी म्हणाली. गावात त्या वर्षी देवळाला नवी फरशी बसवत होते. "सगळी पोरं तिथूनच आणतायत. मी पण आणू?"

"न्हाई," मामा म्हणाले.

"पडलेत आजा. फेकून दिलेत."

"मागायचा न्हाई, आन पडलेला बी उचलायचा न्हाई." मग तिचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ पोरी. त्या देवळाच्या पायऱ्या म्या घडवल्यात. जवान हुतो तवा. पायरी घडूस्तवर तिच्यावर माझा हात चालत हुता. बसवल्यावर तिच्यावर माझा पाय चालंना. आता कुनी काय म्हनत न्हाई, मला ठावं हाय. पर आपल्याला तिथला तुकडा नगं."

मुलीने पुन्हा विषय काढला नाही. पण तिची नजर एकदा ट्रंकेकडे गेली आणि पटकन परत आली. ती मागणार नाही, हे मला कळलं. पाटी देणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. पुठ्ठ्यावर चिकटवायला अख्खी पाटी चालत नाही. तुकडा लागतो.

तिच्या वडिलांना मी रात्री जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "आगं, येवढंच ना? बाजारातून नवी दगडी पाटी आनतो, फोडा आन घ्या तुकडा." बाजाराच्या दिवशी ते शिफ्ट सुटल्यावर परस्पर राहुरीला गेले. पत्र्याच्या पाट्या होत्या, प्लास्टिकच्या होत्या, मणी लावलेल्या होत्या. दगडी एकाही दुकानात नव्हती. दुकानदार त्यांना म्हणाला म्हणे, "दगडी पाटी आता कोण ठेवतंय दादा? वाटेतच फुटते." ते पाटीशिवाय आले आणि मुलीच्या हातात भेळेचा पुडा ठेवून जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रंक उघडली. पाटी काढून मांडीवर घेतली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, ती नेहमीच पुसलेली असायची. मी ती हाताने चाचपत राहिले. चिखल असताना हिला ठाऊक तरी होतं का की पुढे आपलं असं होणार आहे, असा काहीतरी वेडा विचार मनात आला. मनात दोन्हीकडून ओढ होती. एक कोपरा गेला तर काय होतंय, असंही वाटायचं. आणि एक कोपरा फोडताना सगळी गेली तर, असंही वाटायचं. शाळेतलं माझ्याकडे उरलेलं एवढंच होतं. शेवटी मुलगी शाळेतून यायची वेळ झाली. तिने दप्तर टाकलं आणि सवयीने शेळीपुढे जाऊन उभी राहिली, पण "आदरणीय पाहुणे" म्हणाली नाही. नुसती तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

मी पाटी घेऊन ओट्यावर मामांपुढे गेले. "मामा, हिचा एक कोपरा निघंल का? बाकीची न फुटता?"

मामांनी पाटी हातात घेतली. ती पाटी मला काय आहे, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. दुपारी मी ती काढते हे त्यांनी पाहिलेलं असणार. ओट्यावरून सगळं दिसायचं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"म्या आजवर पाट्याला टाकी लावली," ते म्हणाले, "पाटीला कदी न्हाई. ही पाट्याची बायको दिसती."

"आजा, फुटंल," मुलगी मागून म्हणाली. "आई, नको. माझं काही अडलं नाही. दोनच दगड लावते."

"तू गप," मी म्हणाले. मी तिला तू गप म्हणायची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असेल. तीच नेहमी मला गप बसवायची.

मामांनी खाटेखालून छिन्नी आणि लहान हातोडी काढली. आधी चौकट सुटी केली. नुसता दगड हातात आला, तेव्हा तो केवढा पातळ होता ते दिसलं. त्यांनी गोणपाटाची घडी घालून त्यावर तो ठेवला, बोटाने टिचकी मारली आणि कान लावला. "काळा दगूड ठन वाजतो. ही भांड्यावानी वाजती," ते म्हणाले. "काळा दगूड मला सांगतो कुटं फुटनार ते. ही बया काय सांगंना." तरी त्यांनी कोळशाने कोपऱ्यात रेघ मारली. छिन्नी रेघेवर ठेवली. हातोडी उचलली, खाली ठेवली, खोकून घेतलं, पुन्हा उचलली.

मी आत जायला निघाले, पण उंबऱ्याशीच उभी राहून बघत राहिले.

घाव बसला आणि त्याच वेळी त्यांचा हात चुकला. छिन्नी रेघेवरून घसरली आणि पाटीच्या कडेत शिरली. कर्रकन आवाज झाला. मामांनी डोळे मिटून घेतले.

"गेली," ते म्हणाले. "सूनबाई, गेली तुझी पाटी. मेल्या हाताला आता पाट्याच्या बी लायकीचं ठिवलं न्हाई देवानं." देव मानत नसले तरी अडचणीत ते त्याला बोलायचे.

मुलगी रडायला लागली होती. मी खाली बसले आणि गोणपाटावरची पाटी उचलली. कोपरा जागेवर होता. रेघ जशीच्या तशी होती. मधून कुठे तडा नव्हता. मी पाटी उलटी केली, तर मागच्या बाजूने तिचं एक पातळ पान सुटलं होतं, अर्ध्या भाकरीएवढं. एका कडेने अजून चिकटलेलं होतं. मी नख घातलं आणि ते अलगद हातात आलं. काळंभोर, कागदापेक्षा थोडं जाड, आतून मातीसारखं मऊ दिसणारं.

"मामा!" मी ओरडले. "पापुद्रा सुटला!"

भाकरी छान फुगली की मी चुलीपुढे हेच म्हणायची, पण हळू, स्वतःशीच. त्या दिवशी ते शेजारच्या ओट्यापर्यंत ऐकू गेलं. शेजारच्या आत्याबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "काय झालं गं? तुला बोलता येतंय व्हय?"

मामांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. पाटी पुढून पाहिली, मागून पाहिली, पान उन्हात धरलं. "आरारारा," म्हणाले. "ही तर भाकर निघाली." मग त्यांनी चुकलेल्या हाताकडे बघितलं. "शाब्बास रं मर्दा. येकदा चुकला, पर कामाचा चुकला."

मुलगी रडता रडता हसत होती. तिने ते पान नाकाशी धरून वास घेतला. "ओल्या मातीचा वास येतोय," म्हणाली. येत नव्हता. आम्ही तिघांनीही घेऊन बघितला आणि येतो म्हणालो.

प्रदर्शनाला जायचं माझ्या मनात नव्हतं. पण ह्यांची शिफ्ट होती आणि मामांना जायचंच होतं. त्यांना वाटेत धरायला कुणीतरी लागायचं, म्हणून मला जावं लागलं. निघताना मुलगी कानात म्हणाली, "पाटी पण आण. नुसती जवळ ठेव." मामांनी चौकट तारेने आवळून परत बसवली होती. मी पाटी पदराखाली घेतली.

शाळेच्या वऱ्हांड्यात टेबलं मांडली होती. बहुतेक पुठ्ठ्यांवर तिसरा दगड पांढराशुभ्र. आमच्या पुठ्ठ्यावर तिन्ही काळपट, त्यामुळे लांबून तिने एकच दगड तीनदा लावला आहे असं वाटत होतं. कुणीतरी मुलगा तसं म्हणालाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आपली मुलगी उभी राहिली तेव्हा मी पदराखालची पाटी घट्ट धरली.

तिने आदरणीय पाहुणे वगैरे ठरल्याप्रमाणे म्हटलं. काळा दगड सांगितला. शहाबादी सांगितला. तिसऱ्या दगडावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा रूपांतरित खडक. म्हणजे..." मामा माझ्याकडे बघायला लागले. दोघांनाही एकच भीती, आता ही सगळ्या गावापुढे धर्मांतरित म्हणते की काय. "म्हणजे दाब आणि उष्णता सोसून बदललेला. हा आधी चिखल होता. याची पानं निघतात, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. आणि हा आहे तसा मागं फिरत नाही. पुढंच जातो."

"हे शेवटचं पुस्तकात कुठे आहे?" बाई हसत म्हणाल्या.

"आजाने विचारलं म्हणून मी शोधलं, बाई."

मामांनी मान ताठ केली.

"आणि हा दगड कुठून आणलास? सगळ्यांनी संगमरवर आणलाय."

"माझ्या आईच्या पाटीचा पापुद्रा आहे."

सगळे हसले, बाईसुद्धा. "मग आईची पाटी फुटली की."

"नाही फुटली! आई, दाखव ना."

सगळ्यांची तोंडं भिंतीकडे वळली. मला काय करावं कळेना. मी पदराखालून पाटी काढली आणि वर धरली. वर धरल्यावर माझं तोंड तिच्यामागे झाकलं गेलं, ते मला बरंच वाटलं, म्हणून मी ती तशीच धरून ठेवली. बाई जवळ आल्या. त्यांनी पाटीला हात लावला, मागची खरबरीत जागा बोटाने पाहिली. म्हणाल्या, "अशी पाटी माझ्याकडेही होती. कधी फुटली आठवतही नाही." मग विचारलं, "हा पुठ्ठा शाळेत ठेवून घेऊ का? पुढच्या मुलांना दाखवायला होईल."

मुलगी माझ्याकडे बघत होती, मामा बघत होते. कुणीच माझ्या वाटचं बोलेना.

"ठेवा," मी पाटीमागून म्हणाले.

परत येताना मामा माझ्या हाताला धरून चालत होते. ओढ्याजवळ आलो तेव्हा म्हणाले, "साळंत जाऊन येकच शब्द बोलली."

"आजा, मी केवढं बोलले, त्याचं काय?" मुलगी म्हणाली.

"तुझं रोजचंच हाय. म्हनून शेळीनं चारा सोडलाय."

त्या संध्याकाळी मुलीने माझ्या पाटीवर पेन्सिलने मोठ्या अक्षरांत लिहिलं, रूपांतरित. मला खाली गिरवायला लावलं. मी रु ऱ्हस्व काढला. तिने तो पुसून रू दीर्घ करून दाखवला आणि बाईंसारखी माझ्या हातावर टपली मारली. दारातून मामा म्हणाले, "आन माझा शब्द लिव्ह." तिने त्याखाली लिहिलं, धर्मांतरित.

मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यांनी पाटी मागून घेतली, कंदिलाजवळ धरली आणि एका शब्दावरून, मग दुसऱ्यावरून बोट सरकवत नेलं. दोन्हीच्या शेवटी येऊन थांबले. पुन्हा पहिल्यापासून नेलं.

"शेपूट सारखंच हाय की," ते म्हणाले. "मंग म्या काय चुकीचं ऐकलं?"

मुलीने पाहिलं, मीही पाहिलं. तोंडं वेगळी होती, शेपूट अगदी सारखं होतं. मामांनी ती अक्षरं पुसू दिली नाहीत. दोन दिवस पाटी त्यांच्या उशाशी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते शेपटावर बोट ठेवून दाखवायचे, "हे वाचाया येतंय मला," म्हणायचे.

आता मामा नाहीत. मुलगी तिच्या संसारात आहे, अजून मोठ्यानेच वाचते. तिनेच मला पुढे पाचवीचं पुस्तक आणून दिलं आणि धड्यामागून धडे करून घेतले. मी वहीत लिहिते, पण अवघड शब्द आला की आधी पाटीवर काढून बघते. आजही रू तिच्यावरच काढून पाहिला. लिहिताना डाव्या हाताची बोटं पाटीच्या मागे जातात. तिथे, जिथून पापुद्रा निघाला ती जागा अजून खरबरीत आहे. तिला टाकी लावायची कधी गरज पडली नाही.